गोट्याचा दाखला

दरवर्षी मार्च महिन्यात आपल्या महाविद्यालयातून तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडतात. निरोपसमारंभ होतो, पेढे वाटले जातात, प्राध्यापक मंडळी डोळे पुसतात (काही जण खरोखरच), आणि जूनमध्ये कार्यालयाच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी रांग लागते. यंदा मात्र मार्चची वाट न पाहता डिसेंबरातच एक जण महाविद्यालय सोडून गेला. अकरा वर्षे तो इथे होता. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. पण त्याच्याइतकी हजेरी कुणाचीच भरली नसेल. त्याला निरोप दिला गेला नाही. नगरपालिकेच्या गाडीत घालून त्याला नेले, एवढेच.

मी आपल्या गोट्याबद्दल बोलते आहे.

"कुत्र्यावर काय लिहिणार?" असे संपादक मंडळातल्या एका मित्राने मला विचारलेच. बेकारी, हुंडा, ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अडचणी असे भारदस्त विषय समोर असताना एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वार्षिकाची पाने खर्ची घालावीत का? वाचकहो, विषय लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु या दोन महिन्यांत मी त्याच्यावरून जेवढा विचार केला तेवढा अभ्यासक्रमातल्या एकाही प्रश्नावर केलेला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वर्षाच्या ज्या मंडळींना गोट्या नीट भेटला नाही त्यांच्यासाठी थोडे पाल्हाळ लावते. २०१४ साली ग्रंथालयाची नवी इमारत बांधत होते तेव्हा वाळूच्या ढिगाऱ्याआड एका कुत्रीने पिल्ले घातली. त्यातले एक वाचले. ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी त्याला चहात बुडवलेला पाव भरवला आणि गोटीसारखे गरगरीत म्हणून गोट्या हे नाव ठेवले. पुढे तो वाढला, पोक्त झाला, तोंडावरचे केस पांढरे झाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला, मागचे पाय धरले. तरी नाव गोट्याच. (विद्यार्थ्यांत त्याचे दुसरेही एक नाव प्रचलित होते. ते एका सन्माननीय पदाशी जुळत असल्यामुळे संपादकांनी इथे छापू दिलेले नाही.) त्याच्या एका कानाचे टोक कापलेले होते. कुठल्यातरी भांडणात ते तुटले असावे असे मी वर्षभर समजत होते. नसबंदी झाल्याची ती खूण असते, हे मला फार उशिरा कळले.

माझे आणि त्याचे नाते निराळे होते, ते सांगायला थोडा संकोच वाटतो. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी ग्रंथालयाच्या दारापर्यंत गेले आणि आत जाण्याचे धैर्य होईना. पुस्तक आपल्या हाताने घ्यायचे की मागायचे? कार्ड कुणाकडे मागायचे? मागताना काय म्हणायचे? आत जाणाऱ्या मुली इतक्या सहज जात होत्या की त्यांना विचारायचीही लाज वाटली. मग मी पायरीवर गोट्याशेजारी बसले, चांगली अर्धा तास. त्या सबंध आवारात ज्याच्याशी कसे वागायचे हे मला ठाऊक होते असा तो एकटाच होता. मामांनी ते पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "चल बाळा, हा काय कार्ड देणार नाही, मी देतो." माझे पहिले कार्ड असे निघाले.

असो. आता मूळ मुद्द्याकडे वळते.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली मोकाट कुत्री तिथून हलवावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. संस्थांनी आवाराला कुंपण घालावे, देखरेखीसाठी एक जबाबदार माणूस नेमावा, असेही त्यात होते. त्याआधीचा दंडक याच्या उलट होता. २००१ सालच्या नियमांप्रमाणे, आणि ते बदलून २०२३ साली आलेल्या नव्या नियमांप्रमाणेही, नसबंदी व लस झालेले कुत्रे जिथून धरले तिथेच परत सोडायचे असे. त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे: जागा रिकामी राहत नाही, लस टोचलेले, माणसाळलेले कुत्रे गेले की त्याच्या जागी बिनलशीचे, अनोळखी येते.

आदेशाची बातमी आली त्या दिवशी आमच्या वर्गात दोन तट पडले. माझी गणना अर्थातच "कुत्रेवाल्यां"त झाली. परंतु त्या वादात एक मुलगी उठून जे बोलली ते मी विसरू शकत नाही. सप्टेंबरात सायकल स्टँडच्या मागे तिला एका कुत्र्याने पोटरीला चावा घेतला होता. (गोट्याने नव्हे; त्याच्या तोंडात चावण्याजोगे दातही उरले नव्हते.) पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी पाच इंजेक्शने तिने घेतली. दोन वेळा एस.टी. चुकली म्हणून वडिलांची मजुरी बुडाली. ती म्हणाली, "गोट्याला मीही बिस्किटं घातलीत. पण संध्याकाळी त्या बोळात सहा-सात कुत्री अंगावर येतात तेव्हा तुम्ही कुणी तिथं नसता." यावर कुत्रेवाल्यांपैकी कुणालाही उत्तर देता आले नाही, मलाही नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा, एवढेच आपल्या हाती. अशा रोगापुढे भूतदयेची व्याख्याने देणे मला जमणार नाही.

तेव्हा हा लेख आदेशाविरुद्ध नाही. आवारातली टोळी जावी की राहावी, यावर कायदा जाणणाऱ्यांनी लिहावे. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. न्यायालयाने कुत्री हलवा म्हटले. "आपला गोट्या" असे अकरा वर्षे म्हणणाऱ्यांनी त्याला आपला म्हणणे सोडून द्यावे, असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. ते आपले आपणच केले!

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आली. टोळीतली चपळ कुत्री पहिल्या दिवशी हाती लागली नाहीत. गोट्या मात्र पायरीवरच होता. मामा सांगतात की जाळे टाकायचीही गरज पडली नाही. माणसे जवळ आली तशी त्याने शेपटी हलवली. त्या रात्री मी मोबाइल पाहिला. बेचाळीस जणांनी गोट्याचे छायाचित्र स्टेटसला ठेवले होते. कुणी रडणारे चेहरे लावले होते, कुणी तुटलेले हृदय, कुणी व्यवस्थेला शिव्या घातल्या होत्या. त्या बेचाळिसांत मीही होते. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते, ही त्यातली मोठी सोय!

पुढे तीन आठवडे मी काही केले नाही. परीक्षा होत्या हे खरे. पण ते कारण नव्हे. मला वाटले होते की निवारा म्हणजे एक व्यवस्था आहे आणि व्यवस्थेत गेलेल्याची काळजी कुणीतरी घेतच असते. ही समजूत किती सोयीची असते हे मला मामांनी दाखवले. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ते म्हणाले, "मी चाललोय बघायला. येतेस का?" मी आणि माझी एक मैत्रीण त्यांच्याबरोबर निघालो.

तो निवारा शहराबाहेर आहे. एस.टी.ने तासभर, मग दोन किलोमीटर पायी. पत्र्याच्या शेडा, मधे मोकळे अंगण, एक लंगडा घोडा, चार-पाच गाई आणि कुत्री. आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. चालवणाऱ्या ताई प्रेमळ आहेत; माणसे थोडी, जनावरे फार. वाईट जागा आहे असे मी म्हणणार नाही. पण अकरा वर्षे एका दगडी पायरीवर ऊन खात झोपलेल्या जनावराला तिथे काय वाटत असेल याचा विचार करा. एक डोळा अधू. दुसऱ्याने भोवती पाहावे तर सारे अनोळखी. वास नवे, जमीन सिमेंटची आणि गार, रात्री शंभर भुंकणी. तरुण कुत्रे आठवड्याभरात रुळते. म्हाताऱ्याला ते जड जाते.

म्हातारी कुत्री मागच्या ओळीत आहेत. तिथे एक लॅब्राडोर होता. मालक पुण्याला फ्लॅटमध्ये गेले आणि जाताना याला सोडून गेले. एक जर्मन शेफर्ड कुत्री होती. तिचे धनी वारले आणि मुलाला तिला न्यायला जमेना. आणखी काही गावठी. शेवटी गोट्या, भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली, तो हलला नाही. मामांनी पिशवीतून थर्मास काढून झाकणात चहा ओतला, त्यात पाव बुडवला आणि जाळीपाशी धरला. आधी त्याचे नाक हलले. मग तो मागच्या पायांवर दोनदा कोलमडत उठला आणि आला. ताई म्हणाल्या, आल्यापासून तो धड जेवलेला नव्हता. मामा पाठ फिरवून घोड्याकडे बघत उभे राहिले, ते बराच वेळ.

आम्ही तिथे असतानाच एक कुटुंब आले. मुलाच्या वाढदिवसासाठी त्यांना "छोटंसं पिल्लू" हवे होते. मागच्या ओळीवरून ते गेले, पण रिकाम्या बाकांवरून नजर जावी तसे. ताई सांगत होत्या की पिल्ले आठवड्याभरात जातात, वर्षा-दोन वर्षांच्या कुत्र्यांनाही कुणी ना कुणी भेटते. सात-आठ वर्षांच्या पुढच्यांना मात्र कोणी विचारत नाही. "आणि खरं सांगू," त्या म्हणाल्या, "ज्या घरात दोघंही कामाला जातात त्यांनी पिल्लू नेऊच नये." पिल्लू चपला कुरतडते, घरभर घाण करते, रात्रभर रडते, आणि ते मोठेपणी कसे निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो. जे दिसते तेच मिळते. त्याला दोन वेळचे मऊ अन्न, ऊन, एक कोरडी जागा आणि सकाळ-संध्याकाळ थोडे चालणे पुरते. दृष्टी अधू असेल तर त्याच्या वाटेतल्या वस्तू रोज हलवू नयेत. लघवीला वारंवार न्यावे लागते. पहिले तीन दिवस तो भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घरची वेळ ओळखू लागतो, आणि तीन महिन्यांत त्याला वाटते की हे आपले घर. तोट्याची बाजूही त्यांनी लपवली नाही: औषधांचा खर्च होतो, आणि तो लवकर जातो. "लोक म्हणतात, जीव लावायचा आणि वर्षात मरणार. पण तुम्ही नेलं नाही तरी तो मरणारच आहे. इथं मरेल, एवढाच फरक."

परतताना एस.टी.त मला इतिहासाच्या तासाला ऐकलेले एक प्रकरण आठवत होते. १८३२ साली कंपनी सरकारच्या शिपायांनी मुंबईत मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी खवळून रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृतावरही अखेरची नजर कुत्र्याची पडावी लागते. इथवरची गोष्ट आपल्या स्टेटसांसारखीच आहे. पण ते लोक तिथे थांबले नाहीत. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना केली. अशा संस्थांसाठी व्यापारी आपल्याच मालाच्या उलाढालीवर लागा बसवून घेत. म्हणजे कळवळा आला की त्याचा हिशेबही त्याच वहीत मांडायचा. आपण बेचाळीस जणांनी कोणत्या वहीत काय मांडले?

मराठीच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी महाभारताची आठवण दिली. स्वर्गाच्या दारी कुत्र्याला सोडून आत यायला नकार देणारा धर्मराज सर्वांना ठाऊक असतो. पण त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू येते, त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेलेही नसते, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात; ते रडत आईकडे जाते आणि ती येऊन राजाला जाब विचारते. तिला उत्तर देणारा कुणी भेटत नाही. मला मात्र शेवटच्या कुत्र्याविषयी एक शंका आहे, आणि सरांनी ती हसून घेतली. तो कुत्रा साक्षात धर्म होता हे युधिष्ठिराला नंतर कळले म्हणून आपण त्या कथेचे कौतुक करतो. तो नुसताच कुत्रा निघाला असता तर? युधिष्ठिराचा नकार तेवढाच खरा राहिला असता. आपले कौतुक मात्र राहिले असते की नाही कोण जाणे.

परंतु मला वाट दाखवली ती ग्रंथांनी नाही, माझ्या आजीने.

आम्ही धनगर. माझे आज्जा मेंढरे घेऊन दिवाळीनंतर माणदेशातून निघत आणि घाट उतरून कोकणात जात. पावसाच्या तोंडावर परत. घोडीवर बिऱ्हाड, रात्री शेतात मेंढरे बसवायची, भोवती वाघूर लावायची, आणि वाघरीबाहेर कुत्री. लांडग्यापुढे सगळी भिस्त त्यांच्यावर. त्यांतला मोत्या नावाचा एक कुत्रा म्हातारा झाला आणि एका वर्षी घाट उतरवेना. वाडा एका कुत्र्यासाठी थांबू शकत नाही. मी आजीला विचारले, "मग सोडून दिला?" आजी रागावली. "सोडतंय कोण? ठिवला." घाटमाथ्यावर ओळखीच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर आज्जाने मोत्याला ठेवले, आणि त्याच्याबरोबर दोन पायल्या बाजरी आणि तो झोपायचा त्या घोंगडीचा तुकडा दिला. शेतकरी नको नको म्हणत होता. आज्जा म्हणाले, कुत्रं तुझ्या दारात, पर भाकरी माझी. परतताना मोत्या भेटला. पुढच्या वर्षी पुन्हा दोन पायल्या. तिसऱ्या वर्षी वाडा कोकणातून वर आला तेव्हा कुत्रा दिसला नाही. शेतकऱ्याने घरातून अर्धी पायली बाजरी आणून आज्जाच्या पुढे ठेवली आणि म्हणाला, "माघात गेला. एवढी उरली."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिच्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते. निवाऱ्यातून परत आल्यावर मात्र रात्रभर ती अर्धी पायली बाजरी डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला. आबा साखर कारखान्यावर पहारेकरी आहेत. ते म्हणाले, "पोरगी शिकायला गेली का कुत्री गोळा करायला? म्हातारं कुत्रं, आजारी पडलं तर डॉक्टरचं पैसं कोण देणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटले, भाकरीची आणि औषधाची सोय मी करते, तुम्ही दार द्या. आबा गप्प झाले. मागून आजीचा आवाज आला, "आण गं पोरी. दिवसभर मी एकटीच असती. दोघं म्हातारी बसू उन्हाला."

मग अर्ज. हा अर्ज माझ्या मनाला थोडा लागला, म्हणून लिहिते. घर स्वतःचे की भाड्याचे? कुंपणभिंतीची उंची किती? कुटुंबाचे मासिक उत्पन्न? पशुवैद्याचे नाव? हे प्रश्न कोणासाठी लिहिले आहेत हे उघड आहे. आमचे घर दोन खोल्यांचे, पत्र्याचे, भोवती बाभळीच्या काट्यांची कुपाटी. त्या लॅब्राडोरच्या मालकांनी हा अर्ज पैकीच्या पैकी गुण मिळवून भरला असता! तथापि भिंतीचा प्रश्न अगदीच निरर्थक नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मोकाट कुत्री दत्तक घेण्याची मुभा आहे, पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. ताई स्वतः घर पाहायला येणार म्हणाल्या. आबांनी, ज्यांना कुत्रे नको होते त्यांनीच, माळ्यावर वीस वर्षे पडलेली आज्जाची वाघूर काढली, झटकली, फाटली तिथे सुतळीने शिवली आणि कुपाटीच्या आतून अंगणाला बांधली. ताईंनी ती हाताने ओढून पाहिली आणि अर्जात भिंतीच्या रकान्यात काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला दिसले नाही.

जानेवारीच्या अखेरीस गोट्या आमच्या घरी गेला. ताईंनी चारच सूचना दिल्या: वर्षाला रेबीजची लस, शिजवलेली हाडे नाहीत, चॉकलेट नाही, आणि कांदा अजिबात नाही, कारण कांद्याने कुत्र्याचे रक्त बिघडते. आजीने शेवटची सूचना मनावर घेतली नाही. "आमच्या कुत्र्यांनी जन्मभर कालवण खाल्लं," एवढे म्हणाली. पण त्याची भाकरी आता दुधात कुस्करते असे आबा सांगतात. पहिले चार दिवस तो रांजणाच्या आडोशाला पडून होता. आठव्या दिवशी आजीच्या काठीच्या आवाजाबरोबर उठला. आता सकाळी ती ओट्यावर बसते, तिच्यापासून हातभर अंतरावर हा. ऊन सरकते तसतशी दोघे सरकतात.

आता पैशाचे बोलते, कारण त्याशिवाय हा लेख नुसताच रडका होईल. महिन्याला दूध, तांदूळ, अंडी, सांध्यांचे औषध मिळून सुमारे सहाशे रुपये लागतात. लस आणि तपासणी निवाऱ्यातर्फे होते. स्टेटस ठेवणाऱ्या बाकीच्या एक्केचाळीस जणांना मी निरोप पाठवला: महिन्याला वीस रुपये. अकरा जण देतात. उरलेल्यांना माझा निरोप पोचला नसावा. गंमत म्हणजे पोटरीला चावा बसलेली ती मुलगी या अकरांत आहे. तिने स्टेटस ठेवलेच नव्हते, आपणहून आली. मामा दोनशे देतात. कमी पडतात ते मी कमवा-शिका योजनेच्या पैशांतून घालते, आणि ते मला जड जात नाही असे म्हणणे खोटे होईल.

महाविद्यालयाने यात काय करावे, असे मला विचारतील. कुत्री परत आणावीत असे मी म्हणत नाही. स्नेहसंमेलनाच्या कमानीवर जेवढा खर्च झाला त्यातल्या एका झालरीच्या पैशात गोट्याची वर्षाची भाकरी निघाली असती, एवढे मात्र म्हणते. आदेशाप्रमाणे देखरेखीचा अधिकारी नेमला गेला आहे. त्यांच्या कामात "कुत्री हलवली" या रकान्याच्या पुढे "कुठे गेली, कशी आहेत" असा एक रकाना वाढवायला काही अडचण नसावी. आणि आपण विद्यार्थ्यांनी, ज्यांच्या घरी अंगण आहे, ज्यांच्या आजी-आजोबांना दिवसभर सोबत नाही, त्यांनी मागच्या ओळीकडे एकदा पाहावे. खेड्यातून आलेले आपण इथे बहुसंख्य आहोत. अंगण ही आपली एकच गोष्ट शहरातल्या मित्रांपेक्षा जास्त आहे. ती कमीपणाची म्हणून आपण लपवतो.

मागच्या ओळीत आणखी सहा जण आहेत. ती जर्मन शेफर्ड कुत्री माणूस दिसले की अजून उठून उभी राहते. मामा मेअखेर निवृत्त होतात, तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सव्वाआठच्या एस.टी.ने जातो. कुणाला यायचे असेल तर आदल्या दिवशी ग्रंथालयात मामांकडे नाव द्यावे. घरात जुने पोते किंवा घोंगडीचा तुकडा असेल तर बरोबर आणावा. खाली फरशी फार गार आहे. कांदाभजी आणू नयेत.

— द्वितीय वर्ष, कला